तळाचा नमुना

समुद्रकाठच्या आमच्या कॉबलर बे गावात ग्लेनिस नॉस्केबाईंना कुणी 'काय, कसं काय?' असं विचारलं, तर बाई आधी विचारणाऱ्याच्या हातांकडे बघतात. मग खिशांकडे. मग 'बरंय' म्हणतात, पण ते अशा आवाजात, की आपणच काहीतरी लपवतोय आणि बाईंना ते कळलंय असं समोरच्याला वाटावं.

यात दोष बाईंचा नाही, नोकरीचा. एकतीस हंगाम बाईंनी धक्क्यामागच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, गव्हाचे नमुने काढले. ट्रक येऊन उभा राहिला की बाई मचाणावर, हातात पितळेची लांब पोकळ नळी. ती गव्हात थेट तळापर्यंत खुपसायची, पाच-सहा ठिकाणी, आणि निघेल तो गहू यंत्रात घालून ओलावा बघायचा. साडेबारा टक्क्यांपर्यंत माल आत. त्याच्या वर गेला की ट्रक मागे, मग तो स्वतःच्या बापाचा का असेना. एका वर्षी खरोखरच बापाचा होता. कोरड्या गव्हाखाली ओला गहू दडवतात हे बाईंना पहिल्याच हंगामात कळलं, आणि त्यानंतर जगातल्या कुठल्याही गोष्टीचा वरचा थर त्यांनी खरा मानला नाही. शाळेच्या जत्रेत केक घेताना बाई एक तुकडा मधोमध मोडून बघायच्या आणि मगच पैसे काढायच्या. गावानं त्यांचं नाव 'साडेबारा' ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते माहीत होतं. त्यांना तसा संशय होताच.

बाईंचा एक नवराही होता. व्हायला नावाच्या शहरात पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेला. बाईंनी कारखान्यात फोन लावून विचारलं, नोकरी खरी आहे का. नोकरी खरी होती. त्या शहरात आणखी काय काय आहे, ते विचारायचं राहिलं. बाई तेव्हा पंचविशीत होत्या. त्यानंतर त्यांनी विचारायचं काही शिल्लक ठेवलं नाही.

निवृत्तीच्या जेवणात बाई एकच वाक्य बोलल्या. "एकतीस वर्षांत ओला माल माझ्यापुढून गेला नाही." आणि खाली बसल्या. कंपनीनं ती पितळी नळी लाकडी पाटीवर बसवून त्यांना भेट दिली. बाईंनी पाटी उलटी करून मागचे स्क्रू बघितले.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोघांच्या अंगणांच्या मध्ये एक पत्र्याचं कुंपण आहे, आणि कुंपणाच्या माझ्या बाजूला एक लिंबाचं झाड. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी लिंबाची छाटणी करताना बघितलं. झाडाची आता काठी झाली आहे.

*

निवृत्त झाल्यावर बाईंना बोट हवी झाली. आमच्याकडे व्हायटिंग मासा कुठे लागतो ते सख्ख्या भावाला सांगत नाहीत. माणसं समोरच्या बेटाच्या पूर्वेला मासे धरतात आणि पश्चिमेकडून वळसा घालून घरी येतात. अशा गावात दुसऱ्याच्या बोटीतून जाणं म्हणजे त्यानं नेलं त्याच जागेवर विश्वास ठेवणं. बाईंना ते जमण्यातलं नव्हतं. स्वतःची बोट, स्वतःची जागा, स्वतःचा मासा.

आणि मार्चमध्ये केल मॉड्रानं सायलोच्या फाटकावर पाटी लावली: बोट विकणे आहे. सोळा फुटी, फायबरग्लासची, १९७९ ची. अडीच हजार डॉलर.

आता केल मॉड्रा म्हणजे कोण, तर ज्याचा ट्रक बाईंनी सगळ्यात जास्त वेळा परत पाठवला तो माणूस. एका पावसाळी हंगामात त्याच्या गव्हाचा आकडा बारा पॉइंट सहा आला होता. एक दशांश! बाईंनी ट्रक बाजूला लावायला लावला. केल दोन दिवस उन्हात, ट्रकच्या सावलीत बसून राहिला. हे गाव विसरलेलं नाही. त्यामुळे केलची बोट साडेबारा बघायला गेली हे कळल्यावर रॅम्पवरची, म्हणजे बोटी पाण्यात घालायच्या उतारावरची, मंडळी खूष झाली. केल आता सूड घेणार, असं त्यांचं ठरलंच.

बाईंचंही जवळजवळ ठरलं होतं.

"इतकी स्वस्त का?" बाईंनी त्याच्या शेडमध्ये शिरता शिरता विचारलं.

"जास्त देतेस? दे की."

"मी विचारतेय, स्वस्त का."

"शेडमधली जागा अडते, ग्लेनिस. हेदर गेल्यापासून मी पाण्यावर गेलो नाही. तीन वर्षं नुसती उभी आहे. इंजिन मात्र दर महिन्याला चालू करतो."

हेदर म्हणजे केलची बायको. आमच्या शाळेत दुसरीला शिकवायच्या. गावात पंचवीस ते पन्नासमधल्या कुणालाही पाढे येत असतील तर ते त्यांच्यामुळे.

बाईंनी बोटीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत एक प्रदक्षिणा घातली, दर वेळी कान लावून. मग आत चढल्या आणि पायाखालच्या फरशीवर तीनदा उड्या मारल्या.

"खाली काय आहे?"

"फोम. बोट पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून भरतात ना, तो."

"कोरडा आहे?"

"असणारच. फरशी नवी घातलीय. हवं तर भोक पाड आणि बघ. तिथे ड्रिल आहे."

इथे बाई थांबल्या. एकतीस वर्षांचा अनुभव असा, की जो शेतकरी आपण होऊन 'इकडून घे नमुना' म्हणतो, त्याचा ओला गहू तिकडच्या कोपऱ्यात असतो.

"मी भोक पाडलं की तू म्हणणार, मोडलीस, आता घेच."

"मी कशाला म्हणू?"

"म्हणणार नाहीस, असं आत्ता म्हणतोयस."

"अगं बाई, मग कागदावर लिहून देऊ?"

"कागद तयारच ठेवलायस वाटतं."

केलनं कपाळावर हात मारला. आणि जगात कुणाच्याही मालात नळी खुपसल्याशिवाय राहिली नाही ती बाई, माल स्वतः 'खुपस' म्हणाला म्हणून न खुपसता बोट घेऊन घरी आली.

*

ईस्टरच्या शनिवारी बाईंनी बोट पाण्यात घातली. त्या दिवशी अख्खं गाव रॅम्पवर असतं. बोट घालायला दहाजण, आणि ते कसे चुकतात ते बघायला पन्नासजण, गाड्यांमध्ये बसून, हातात आइस्ड कॉफीचे खोके.

बोट पाण्यात गेली आणि मागून बसली. म्हणजे पुढचं नाक आभाळाकडे, आणि मागे पाणी बाहेर जायची जी भोकं असतात त्यांतून पाणी आत.

"ग्लेनिस, मागे कुणाला बसवलंयस गं? मॉड्रांची सगळी मेंढरं?" एका गाडीतून आवाज आला.

बाई तशाच निघाल्या. चारशे मीटर गेल्या. इंजिन ओरडत होतं आणि बोट गाभण गाईसारखी चालत होती. वळून परत आल्या, धक्क्याला दोर बांधला, आणि सगळ्यांसमोर रिकामा ट्रेलर गाडीला जोडून निघून गेल्या. बोट पाण्यात तशीच. मंडळींना वाटलं, बाई रागावून बोट टाकून गेल्या. दोघांनी तर ती कुणी घ्यायची यावर बोलणंही सुरू केलं.

बाई गेल्या होत्या सायलोच्या वजनकाट्यावर. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा ट्रक तोलायचा, वजाबाकी म्हणजे माल. ही वजाबाकी त्यांनी लाखभर वेळा तरी केली असेल. बोटीसकट ट्रेलर त्यांनी सकाळीच तोलून ठेवला होता. अकराशे ऐंशी किलो. आता रिकामा ट्रेलर भरला तीनशे ऐंशी. म्हणजे बोट आणि इंजिन मिळून आठशे. आणि बोटीवरची बनवणाऱ्याची पाटी आणि इंजिनाचं पुस्तक मिळून सांगत होते, साडेपाचशे ते पावणेसहाशे.

सव्वादोनशे किलोच्या वर काहीतरी बोटीत होतं आणि दिसत नव्हतं. तीन माणसं आणि एक कुत्रा.

घरी आल्या आल्या बाईंनी ड्रिल काढलं. फरशीला भोक पाडलं. आतून पांढराशुभ्र कोरडा भुसा आला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, कोरडा आहे. बाई घरात गेल्या आणि ती निवृत्तीची पाटी घेऊन आल्या. मागचे स्क्रू काढले, पितळी नळी हातात घेतली आणि भोकातून खाली खुपसली. बोटीच्या तळाला टक् आवाज होईपर्यंत.

नळी वर आली. वरचे दहा सेंटिमीटर पांढरा फोम, बिस्किटासारखा कोरडा. त्याखाली पिवळट-तपकिरी, आणि त्यातून पाण्याची धार. वास दलदलीचा, त्यात थोडं पेट्रोल.

कोरड्याखाली ओलं.

बाई ते हातात धरून बराच वेळ उभ्या होत्या. मी लिंबाची एक चांगली फांदी उगाच कापली.

"कूपर," माझ्याकडे न बघता बाई म्हणाल्या, "हे आपोआप होतं का?"

"फोम जुना झाला की पाणी पितो म्हणतात. चाळीस वर्षं झाली ना त्याला."

"पाणी पितो. पण वरचं पांढरं? ते स्वतःहून नवं झालं?"

कुणीतरी फरशी उघडली होती, वरचा थर काढून नवा फोम ओतला होता, खालचा ओला तसाच ठेवला होता, आणि फरशी बंद केली होती. जे एकतीस वर्षं गव्हाच्या ट्रकमध्ये कुणाला जमलं नाही, ते बोटीत जमवलं होतं.

*

दुसरी बाई असती तर तडक केलच्या घरी गेली असती. आमच्या बाई पुरावा जमवायला लागल्या. सायलोवर प्रत्येक नमुन्याची पिशवी जपून ठेवायची पद्धत असते, पुढे भांडण झालं तर दाखवायला. बाईंनी ग्राइंडरनं मागची फरशी कापली आणि फोम खणायला घेतला. कुदळ, करवत, भिंतीचा रंग खरवडायची पट्टी. हातभर खणलं की एक तुकडा पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: 'डावीकडे, मागून तिसरी बरगडी, खोली वीस सेंमी.' बरगडी म्हणजे बोटीच्या तळाला आडवा बसवलेला वासा. बाकीचा फोम बादलीत, बादली स्वयंपाकघरातल्या काट्यावर. मे महिना संपला तेव्हा व्हरांड्यात एकसष्ट पिशव्या ओळीनं टांगल्या होत्या. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाईंनी काहीतरी वाळवणाचा धंदा सुरू केला.

एकदा त्यांनी एक तुकडा सायलोवर नेऊन नव्या मुलीकडून यंत्रात घालून घेतला. यंत्रानं थोडी घरघर केली आणि पडद्यावर लिहिलं, हा गहू नाही.

"ते मलाही माहीत आहे," बाई यंत्राला म्हणाल्या.

या सगळ्या काळात बाई केलबद्दल कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण आमच्या गावात न बोलणं हे बोलण्यापेक्षा लांब ऐकू जातं. रॅम्पवर, फुटबॉलच्या मैदानावर, बेकरीत एकच विषय. केलनं साडेबाराला ओला माल विकला. कुणी केलला पाठीवर थाप मारायचं, 'बारा पॉइंट सहा वसूल केलेस, गड्या!' केल म्हणायचा, मी काही केलं नाही. ते ऐकून लोक आणखी जोरात थाप मारायचे.

बाईंना हे ऐकू येत होतं. रोज संध्याकाळी पिशव्या मोजताना त्या एकच हिशेब करत असाव्यात. सगळं खणून झालं की केलकडे जायचं, आणि सायलोच्या नियमानं पुढे व्हायचं: माल आणणाऱ्यासमोर पुन्हा नमुना काढायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा. मग त्यानं काय ते बोलावं. एकतीस वर्षांचं एक वाक्य होतं, ते या माणसानं खोटं पाडलं होतं.

जूनच्या मध्यावर, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यात, एका सकाळी कुंपणावर टकटक झाली.

"कूपर, तू दुसरीत कुणाकडे होतास?"

"मिसेस मॉड्रांकडे. का?"

"इकडे ये."

बाईंनी मला कुंपणाच्या आत बोलावलं ते तेवढं एकदाच. कापलेल्या फरशीची एक फळी त्यांनी लाकडी घोड्यांवर उलटी ठेवली होती. फळीच्या खालच्या अंगाला पारदर्शक रेझिन लावलेलं, आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, काचेतून दिसावं तसं स्पष्ट. मापं होती. लांबी १७७, रुंदी ४७. सातच्या मधोमध आडवी रेघ. आणि त्याखाली, गोल, सरळ, एकाही अक्षराला उतार नाही अशा हातानं:

'वरचे १० सेंमी नवा. खालचा ओला आहे. पुढच्या हिवाळ्यात.'

"कुणाचं अक्षर?"

"त्यांचंच. मिसेस मॉड्रांचं."

"तुला वाटतंय, की आहे?"

"आहे."

"दाखव."

मी घरी जाऊन माळ्यावरून दुसरीतली वही शोधून आणली. बाईंनी चष्मा बदलला. वहीत शेवटच्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'अक्षर बरं. लक्ष खिडकीबाहेर.' खाली २७ पैकी १७, दोन्ही सातांना आडवी रेघ. बाईंनी ते सात फळीवरच्या सातांशी ताडून बघितले. मग पानभर माझ्या वागणुकीबद्दलचं वाचलं, आणि तेही खरं मानलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"केलनं सांगून लिहून घेतलं असेल," बाई म्हणाल्या.

"फरशीच्या खालच्या बाजूला? कुणी वाचायलाच नको तिथे?"

बाई बादली उलटी करून तिच्यावर बसल्या.

"ती कधी गेली?"

"फेब्रुवारीत. तीन वर्षं झाली."

"म्हणजे हे त्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं, जूनमधलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तेव्हा तिला माहीत होतं का? आजाराचं?"

"गावाला नंतर कळलं. त्यांना कधी कळलं, कोण सांगणार."

"केलला फोमचं माहीत होतं का?"

"मला नाही वाटत."

"तुला वाटून काय उपयोग," बाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीची धार नव्हती.

त्यांच्यापुढचा पेच मला तिथे उभ्या उभ्या दिसत होता. ही फळी केलला दाखवली, तर बाईंचा आणि केलचा, दोघांचाही हिशेब मिटत होता. केलनं फसवलं नाही, आणि बाईंना फसवलं ते अशा एका बाईनं जिच्यापुढे सगळं गाव खाली मान घालून बसायचं. पण मग केलला कळणार होतं, की बायकोनं त्याला 'झालं' म्हणून सांगितलं असणार, ते झालेलं नव्हतं. आणि आता तिला जाऊन विचारण्याची सोय नव्हती.

बाई उठल्या. फळीवर ताडपत्री टाकली.

"वही घेऊन जा. आणि तू काही बघितलं नाहीस."

"नाही बघितलं."

"खोटं लगेच जमतं तुला. शाळेतही असंच होतं वाटतं."

*

पुढच्या रविवारी दुपारी केल आला. हातात बेकरीची पेस्टी, खिमा भरलेल्या मोठ्या करंजीसारखी, कागदात गुंडाळलेली, पण खायची विसरलेला. मी झाडावर होतो.

"ग्लेनिस, गावात म्हणतायत मी तुला ओला माल विकला."

"कोण म्हणतं?"

"सगळे. तू सोडून. म्हणून तुझ्याकडेच आलो."

बाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. हात पुसले. आणि म्हणाल्या, "बोट ठीक आहे."

"काय म्हणालीस?"

"ठीक आहे. कोरडी आहे. काही तक्रार नाही."

बाईंच्या मागे बोट पोट फाडलेल्या माशासारखी उघडी पडली होती. तिच्या तळातून पाणी ठिबकून खालच्या ट्रेमध्ये टप् टप् वाजत होतं. व्हरांड्यात एकसष्ट पिशव्या होत्या.

"मग हे काय आहे?"

"हौस."

"हौस!" केलनं पेस्टी बोटीच्या कडेवर ठेवली. "ग्लेनिस, तू स्वतःच्या बापाचा ट्रक परत पाठवलास. मला बारा पॉइंट सहाला दोन दिवस उन्हात बसवलंस. बिस्किटाचा पुडा घेतेस तर हलवून बघतेस. आणि आज तुझ्या डोळ्यांसमोर पाणी ठिबकतंय आणि तू मला सांगतेस, कोरडी? काय लपवतेयस?"

"मी आजपर्यंत कधी काही लपवलंय?"

"नाही ना. त्याचीच तर भीती वाटते."

हा प्रसंग बाईंवर प्रथमच आला होता. आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडलं, स्वतःचं एक बोलायला गेल्या तर समोरच्यानं पहिल्याच वाक्यात नळी खुपसली.

"मला फेरतपासणी हवी," केल म्हणाला. "माझ्यासमोर. नियम आहे तुझा."

"नियम नापास झालेल्यांसाठी आहे. तू पास आहेस."

"मला पास व्हायचं नाही!"

कॉबलर बेच्या इतिहासात पास झालेल्या मालाची फेरतपासणी मागणारा केल मॉड्रा पहिलाच. आणि बाईंनी आजपर्यंत फेरतपासणी कुणाला नाकारली नव्हती. त्या नळी घेऊन आल्या. पुढच्या भागातली फरशी अजून कापायची होती. तिथे भोक पाडलं, नळी खाली घातली, टक् आवाज होईपर्यंत, आणि बाहेर काढून केलच्या पुढे धरली. पाणी त्याच्या बुटांवर सांडलं.

केलनं आधी पांढरा फोम बघितला. मग पिवळा. मग पुन्हा पांढरा.

"हा वरचा नवा आहे."

"हो."

"नवा हेदरनं घातलेला. मी तेव्हा पेरणीत होतो, लांबच्या शेतावर, घरी यायचो ते झोपायला. ती म्हणाली सगळा काढला. सगळा बदलला म्हणाली." तो बोलता बोलता थांबला. "फरशीच्या फळ्या कुठायत?"

"टाकल्या."

"तू? तू काही टाकतेस?"

त्याची नजर अंगणभर फिरली आणि ताडपत्रीवर येऊन थांबली. बाई मध्ये सरकल्या, पण अर्धंच पाऊल. त्यानं ताडपत्री उचलली.

वाचायला तीन ओळी होत्या. केलला बराच वेळ लागला. पाण्याचं टप् टप् चालू होतं. मी कात्री मिटून धरली होती.

"सात असाच काढायची ती," शेवटी तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यानंतरच्या डिसेंबर-जानेवारीत, उन्हाळ्यात, आम्ही दहा-बारा वेळा गेलो. मी दर वेळी म्हणायचो, हेदर, बोट जड चालतेय. ती म्हणायची, बोट नाही, तू जाड झालायस." तो हसायला गेला, ते त्याच्याच्यानं पुरं झालं नाही. "मी जेवण कमी केलं होतं, ग्लेनिस."

बाईंनी ताडपत्री उचलून तिची घडी घातली.

"तू हे मला सांगणार नव्हतीस."

"नव्हते."

"का?"

बाईंनी फळीकडे बघितलं. "वरचं काम चांगलं केलंय तिनं," त्या म्हणाल्या. "एक बुडबुडा नाही. कडेला फट नाही. मी एकसष्ट ठिकाणी बघितलं."

केलनं मान हलवली. बाहीनं तोंड पुसलं. मग एकदम विचारलं, "कुठेच तळापर्यंत गेली नाही ती?"

"एका जागी गेली."

बाई बोटीत चढल्या आणि मागच्या डाव्या कोपऱ्याकडे हात केला. केलही चढला. तिथे बरगड्यांच्या मधला फोम वरपासून बोटीच्या कवचापर्यंत एकसारखा पांढरा होता, साधारण पाऊण मीटर लांब. बाईंनी तो खणला नव्हता, कारण तो कोरडा होता. त्याच्या पुढे एक उभी रेघ, आणि रेघेपलीकडे खाली पिवळा, वर पांढरा.

"इथून सुरुवात केली होती तिनं," बाई म्हणाल्या. "इथपर्यंत सगळं काढलं. इथून पुढे वरचं."

केल त्या रेघेवर हात ठेवून गुडघ्यांवर बसून राहिला. जूनमधली थंडी, ओला फोम, आणि कुदळ मारायला वाकावं तर कंबर मोडेल इतकी अरुंद जागा. तिथे हेदरबाई किती दिवस बसल्या असतील, आणि कुठल्या दिवशी त्यांनी 'पुरे' म्हटलं असेल, ते त्या रेघेवरून काही कळत नव्हतं.

त्यानं बाजूला पडलेली खरवडायची पट्टी उचलली आणि रेघेच्या पलीकडे पहिला घाव घातला. फोम कुजलेल्या पावासारखा तुटला. पाणी त्याच्या बाहीत शिरलं. त्यानं तुकडा बादलीत टाकला, दुसरा काढला, तिसरा.

बाई त्याच्या मागे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. निघेल तो प्रत्येक तुकडा बघत होत्या, आणि तुकडा निघाला की खालची जागा बघत होत्या.

"कोपऱ्यात राहिलंय," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढ."

"काढतोय, बाई! जरा श्वास घेऊ देशील?"

"घे. पण बरगडीच्या खाली हात घालून बघ. तिथे दडून बसतं."

केलनं बरगडीच्या खाली हात घातला. बराच आत, कोपरापर्यंत. मूठभर काळपट फोम बाहेर आला. त्यानं तो वळून बाईंना दाखवला. बाई थोड्या खाली वाकल्या, आणि त्यानं पुन्हा तिथेच हात घातला.